हात हलला होता

"जयवा, माझो पानो आत रवलो रे."

भावजी मॅनहोलच्या कडेला उकिडवे बसून म्हणाले. नट-बोल्ट आवळायचा त्यांचा पाना सकाळच्या कामात आतच राहिला होता. मी झाकणाचे बोल्ट डब्यात गोळा करत होतो. दुपारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. डेकवरचं लोखंड असं तापलं होतं की बुटाच्या तळव्यातून चटका लागत होता. श्रीलंका मागे पडली होती, वाऱ्याचा पत्ता नव्हता.

"मरूंदे तो पानो," मी म्हटलं. "साहेबांनी काम बंद केलेला आसा. आता आत जावचा नाय."

"कंपनीचो असतो तर सोडलो असतो. माझो सोताचो तो. एकदा झाकण बसला की कोण परत उघडतलो?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू झाकणाचा रबराचा पॅकिंग घेवन ये. तवसर मी आत जावन येतंय. तिसऱ्या पायरीच्या बाजूकच आसा."

"मी येईसर उतरू नका हां."

ते हसले. "तुझ्या भयणीवाणी बोलतंस."

मी पॅकिंग आणायला गेलो.

आत्माराम केळुसकर माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनचे यजमान. देवगडच्या खाडीपलीकडचं आमचं गाव. आमच्या बाबांचं आयुष्य मासेमारीत गेलं, मीही होडीवरच जाणार होतो. भावजी बोटीवर फिटर होते. त्यांनी मला हाताला धरून मुंबईला नेलं, कागदपत्रं करवली आणि पुढे आपल्याच जहाजावर खलाशी म्हणून घेतलं. जहाजावर आम्ही शेजारशेजारच्या केबिनमध्ये राहायचो. रविवारी ते माझे केस कापायचे.

जहाज गॅसवाहू होतं. कतारहून गॅस भरायचा आणि जपानला नेऊन उतरवायचा. घरी कुणाला सांगितलं की त्यांना वाटायचं, सिलिंडर रचून ठेवलेले असतील. तसं नसतं. गॅस इतका थंड करतात की त्याचं पाणी होतं, आणि ते पाणी बिल्डिंगएवढ्या चार टाक्यांत भरतात. ती थंडी साध्या पोलादाला लागली तर पोलाद काचेसारखं तडकतं. म्हणून टाकीभोवती जाड वेष्टण असतं, आणि वेष्टणाच्या पोकळीत नायट्रोजन भरून ठेवतात. गॅस कुठे गळलाच तर पेट घेऊ नये म्हणून. दोन टाक्यांच्या मधे दोन भिंतींची एक उभी, अरुंद, रिकामी खोली असते. तिच्यात गरम पाण्याचे पाइप फिरवलेले असतात, भिंती उबदार राहाव्यात म्हणून. त्यातलाच एक पाइप गळत होता. सकाळी भावजींनी आत उतरून तो दुरुस्त केला होता.

सकाळी सगळं रीतसर झालं होतं. पंख्याने आत ताजी हवा सोडली होती, मीटरने हवा तपासली होती, तोंडाशी श्वासाचे सेट, म्हणजे हवेची बाटली आणि मुखवटा, तयार ठेवले होते. चीफ ऑफिसर पावसकर साहेब काम संपेपर्यंत मॅनहोलपाशी उभे होते. इक्बाल पावसकर, रत्नागिरीकडचे. फार बोलायचे नाहीत, मला आडनावाने तारी म्हणायचे. काम झालं, तसा पंखा बंद केला, सेट उचलून पुढच्या स्टोअरमध्ये नेऊन ठेवले आणि आम्ही जेवायला गेलो. झाकण तेवढं जेवण झाल्यावर बसवायचं होतं.

भिंतीला कुठेतरी एक चीर होती. आमचं जेवण चाललं होतं तेवढ्या वेळात तिच्यातून नायट्रोजन त्या खोलीत झिरपत राहिला होता आणि श्वासाची हवा बाहेर ढकलत होता. हे सगळं नंतर कळलं.

मी पॅकिंग घेऊन परत आलो तर मॅनहोलपाशी कोणी नव्हतं. मला राग आला. सांगितलं होतं उतरू नका म्हणून. मी वाकून हाक मारली.

"भावजी!"

आवाज आत घुमला आणि विरला. खाली बॅटरीचा उजेड दिसत होता, पण तो हलत नव्हता, भिंतीच्या तळाला एकाच ठिकाणी पडला होता. डोळे अंधाराला सरावले तशी त्यांची पाठ दिसली. शिडीखालच्या पहिल्या फळीवर ते कुशीवर पडले होते, गुडघे पोटाशी घेतलेले. माझ्यापासून फार खाली नव्हते. घराच्या माळ्यावरून खाली बघावं तेवढंच.

मी ओरडलो असेन. नक्की काय ओरडलो ते आठवत नाही. हातातलं पॅकिंग टाकलं आणि शिडीवर पाय ठेवला. दुसरा पाय आत घालतोय तोच मागून कोणीतरी माझी कॉलर धरली आणि मला ओढून डेकवर पाडलं.

पावसकर साहेब होते. बाजूच्या पाइपांपाशी काहीतरी तपासत होते, माझं ओरडणं ऐकून धावले होते.

"आत जायचं नाही!"

"साहेब, भावजी आत आहेत!"

"मला दिसतंय. आत जायचं नाही."

मी उठलो आणि त्यांना ढकललं. चीफ ऑफिसरला खलाशाने ढकलणं म्हणजे काय, ते जहाजावर राहिलेल्यालाच कळेल. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे होते, अंगाने किरकोळ. मी त्यांना पुन्हा ढकललं. ते मॅनहोलच्या तोंडावर आडवे पडले, छातीखाली ते भोक झाकून. मी त्यांच्या खांद्याला धरून ओढायला लागलो. त्यांचा शर्ट फाटला.

मग त्यांनी मान वळवून आत बघितलं आणि एकदम म्हणाले, "हलला. तारी, हात हलला त्याचा!"

मी थांबलो.

"मी बघितलं आत्ता. हात हलवला त्याने. श्वास चालू आहे. तू आत गेलास तर तू पण पडशील आणि तो पण जाईल. ऐकतोयस? पळ. पुढच्या स्टोअरमधून सेट आण. सेट आणलास तर तो वाचेल. पळ, तारी, पळ!"

मी पळालो.

गॅसच्या जहाजाचं डेक पळण्यासाठी नसतं. जागोजाग पाइप, पाइपांवरून जायच्या पायऱ्या, व्हॉल्व, त्यांची चाकं. मी पायऱ्या चढलो नाही, पाइपांवरून उड्या मारल्या. एकदा पडलो, नडगी फुटली. डोक्यात एकच चालू होतं, हात हलला, हात हलला. स्टोअरचं दार दोन बाजूंच्या खिट्ट्यांनी बंद होतं. त्यातली एक खिट्टी बसली होती, हलेना. मी तिला हातांनी, मग लाथांनी मारलं. शेवटी उघडली. सेट पाठीला अडकवायचाही वेळ नव्हता, छातीशी धरून परत धावलो. बाटली जड, पट्टा पायात येत होता. एका ठिकाणी पट्टा व्हॉल्वच्या चाकात अडकला आणि मी त्याला बैलासारखा ओढत राहिलो, सोडवायचं सुचेना.

परत आलो तोवर आणखी माणसं जमली होती, पंखा लागला होता. साहेबांनी माझ्या हातातून सेट घेतला.

"मी जाणार," मी म्हटलं.

"तू नाही."

त्यांनी स्वतः मुखवटा चढवला आणि उतरले. जहाजाचे पंप बघणारा पंपमन माझ्यामागून दुसरा सेट घेऊन आला होता, तो लावून त्यांच्या मागे गेला. दोरीने भावजींना वर ओढलं. मॅनहोलच्या कडेला त्यांचा खांदा घासला, तेव्हा "सांभाळून" असं मी ओरडल्याचं आठवतं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ना वेदना, ना भीती. जेवून जरा आडवे झाले असावेत तसा चेहरा. ओठ तेवढे निळे होते.

आम्ही त्यांची छाती दाबत राहिलो. आळीपाळीने. मी, पंपमन, साहेब, परत मी. कॅप्टन ग्रीक होता. तो वर ब्रिजवरून, जहाज चालवायच्या खोलीतून, रेडिओवर डॉक्टरशी बोलत होता. माझे हात दाबून दाबून बधिर झाले, तरी मी कोणाला जागा देईना. शेवटी कॅप्टन स्वतः खाली आला, डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. साहेबांनी माझे हात भावजींच्या छातीवरून एकेक करून उचलले.

जहाज थांबलं नाही. गॅस टाकीत सतत थोडाथोडा उकळत असतो, तो कुणासाठी थांबत नाही. स्वयंपाक्याने भाजीची थंड खोली रिकामी केली. पोटात एवढी थंडी घेऊन जाणारं ते जहाज, आणि माणूस ठेवायला जागा म्हणून भाजीची खोली. सिंगापूरपाशी एक लाँच आली. भावजींना आणि मला तिच्यात उतरवलं. साहेब शिडीपर्यंत आले होते. त्यांनी हात पुढे केला. मी तो घेतला नाही. राग म्हणून नव्हे. माझे दोन्ही हात भावजींच्या पेटीवर होते.

गावी पेटी आली तेव्हा सगळी वाडी जमली होती. बायका रडत होत्या. शालन रडत नव्हती. ती पेटीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. खाडीकाठी सगळं उरकून आलो, तेव्हा ती पडवीत बसली होती. म्हणाली, "जयवा, काय झाला ता सगळा सांग. लपव नको."

मी सगळं सांगितलं. पाना, पॅकिंग, मॅनहोल, साहेबांनी कॉलर धरली ते, आणि हात हलला तेही. ते तेवढं सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. खिट्टी बसली होती, पट्टा अडकला, माका उशीर झालो, हेही सांगितलं.

तिने त्यातलं एकच धरलं.

"हात हलयल्यानी?"

"व्हय."

"मगे तू खाली कित्याक उतरलंस नाय?"

"साहेबान सोडल्यान नाय माका."

"सायब तुजो कोण?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. "सायब तुजो कोण आणि ते तुजे कोण?"

ती उठून आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. लग्नकार्यात समोर आली तर पदर सारखा करून बाजूने जायची. तिच्या मुलीला माझ्याकडे यायला कधी मना केलं नाही, पण मी गेलो की शालन परसात निघून जायची. मी पडवीत बसून भाचीशी चार शब्द बोलायचो आणि उठायचो.

मी परत बोटीवर गेलो नाही. देवगडच्या बंदरात मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागलो. लोक विचारायचे, एवढी चांगली नोकरी कशी सोडलीस? मी सांगायचो, माझ्या हातून माझे भावजी गेले. मी वेळेवर पोचलो नाही. लोक म्हणायचे, तसं नसतं रे. पण ते म्हणायचं म्हणून म्हणायचे.

बरीच वर्षं गेली. एका सकाळी जेटीवर एका इंजिनाचं झाकण उघडून बसलो होतो. समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं. पांढरी दाढी, हातात काठी. मी ओळखलं नाही.

"तारी," तो म्हणाला.

आवाज ओळखला. मी उठून उभा राहिलो, हात पुसायला फडकं शोधायला लागलो.

"बस. बस तू. मीच बसतो." साहेब जाळ्यांच्या ढिगावर बसले. "रिटायर झालो. रत्नागिरीतच असतो. आपला जुना पंपमन भेटला होता. तो म्हणाला, तू सगळ्यांना सांगत फिरतोस, मी उशिरा पोचलो म्हणून माणूस गेला."

"खरंच आहे ते."

"खरं नाही."

मी फडकं शोधून हात पुसायला लागलो.

"तू पळालास आणि मी खिशातला मीटर दोरीने आत सोडला," ते म्हणाले. "आत हवा नव्हतीच, तारी. तिथे माणूस दोन श्वासांत खाली जातो, त्याला कळतही नाही. मी आलो तेव्हाच सगळं संपलं होतं."

"मग हात?"

ते खाली बघत राहिले. एक होडी आवाज करत बाहेर पडत होती, ती लांब जाईपर्यंत थांबले.

"हात हलला नव्हता."

"तुम्ही म्हणालात हलला. तुम्ही बघितलंत म्हणालात."

"तुला धरून ठेवणं माझ्या ताकदीत नव्हतं. शर्ट फाडलास माझा. आणखी जरा वेळ गेला असता तर तू आत असतास, आणि मग तुझ्यामागे कोणीतरी तिसरा. मी असं होताना बघितलंय, दुसऱ्या एका जहाजावर. एकामागून एक, तीन माणसं." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तो मेला आहे, असं म्हटलं असतं तर तू थांबला असतास का?"

"नाही."

"तुला पळायला काहीतरी द्यायला हवं होतं. तेच सुचलं."

मला वाटलं, हलकं वाटेल. तसं वाटलं नाही. उठून त्यांना परत ढकलावं असं वाटलं.

"एवढी वर्षं का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुला नंतर कळलं असेल. दर्यावरचा माणूस तू. आत काय होतं, ते कळल्यावर तुला उमगलं असेल." मग हळू आवाजात म्हणाले, "तसं म्हणून मी स्वतःची समजूत घातली."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. म्हातारे झाले होते. हातांवरच्या शिरा दिसत होत्या. एकदम एक शंका डोक्यात आली आणि मी ती विचारून टाकली.

"साहेब, खोटं कधी बोललात? तेव्हा की आत्ता?"

ते चिडले नाहीत. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तू जिवंत आहेस. दोन्ही वेळा मला तेवढंच बघायचं होतं."

त्यापुढे मी विचारलं नाही. चहा मागवला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला आणि एसटीच्या वेळेला निघून गेले.

मी घरी गेलो नाही. तसाच तरीच्या होडीत बसलो, खाडी ओलांडून शालनच्या घरी गेलो. ती परसात काजू फोडत बसली होती. हात काजूच्या तेलाने काळे झाले होते. मला बघून ती उठायला लागली.

"उठू नको, बाय," मी म्हटलं. "एक गोष्ट सांगतंय. ती आयक आणि मगे जा."

ती तशीच अर्धी उठलेली थांबली.

"पावसकर साहेब इले होते आज. भावजींचो हात हलूक नव्हतो."

ती खाली बसली.

"कोण सांगता?"

"साहेब. मी आत उतरूक नको म्हणान तेव्हा ते तसा बोलले, म्हणतत. भावजी आधीच गेले होते. त्यांका काय समाजलाच नाय. झोप लागल्यासारखे गेले."

"सायबान सोता बघितल्यान?"

साहेबांचं शेवटचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं.

"व्हय. सोता बघितल्यान."

तिने फोडलेला काजू हातात धरला होता. तो तिने टोपलीत ठेवला, मग परत उचलला.

"मी तुझ्यावर रागान नाय होतंय रे," ती म्हणाली. "तू समोर इलंस की माका तो हात दिसा. माका वाटा, ते हात हलवन तुका बोलयतत. तू धावतंस आणि ते बोलयतत." तिचा आवाज फुटला. "रोज दिसा. रोज."

मी तिच्यासमोर मातीतच बसलो.

"धावलंस मा?" तिने विचारलं.

"धावलंय गो. जीव खावन धावलंय."

मग ती रडायला लागली. पेटी आली त्या दिवशी रडली नव्हती, खाडीकाठी रडली नव्हती. आता दोन्ही काळे हात गुडघ्यांवर आपटत मोठ्याने रडली, नुकतंच माणूस गेलेल्या घरात बाई रडते तशी. शेजारची कुणाशीतरी बोलत होती, ती आवाज ऐकून धावत कुंपणापाशी आली. मला बघून, तिला बघून घाबरली.

"काय झाला गो? कोण गेला?"

शालनने पदराने तोंड पुसलं. तिच्या गालावर काजूचा काळा डाग पडला.

"आमचे हे गेले," ती म्हणाली.